आईवडिलांचा व्हिसा आणि गोळीचा डोस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तीनंतर परदेशात कुठे राहावं यावर पानभर लेख आला होता, तो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होता. थायलंड, मलेशिया, पोर्तुगाल, दुबई, प्रत्येकापुढे व्हिसा किती वर्षांचा आणि महिन्याला खर्च किती असा तक्ता, बाजूला निळ्याशार समुद्राचा फोटो. तक्ता छान होता, पण सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरायला येणाऱ्या आम्ही नऊ जणी आहोत, त्यातल्या सहा जणींची मुलं बाहेर आहेत आणि त्या सहातली एकही पोर्तुगालला राहायला जाणार नाहीये. आमचा देश आम्ही निवडत नाही हो, तो मुलांनी कधीच निवडून ठेवलाय. आमच्या हातात उरतो तो फक्त व्हिसाचा प्रकार, आणि त्यावर तुमच्या पानात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण विम्याचा भाग तेवढा कापू नका.

मी नाशिकची, विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला ३१ वर्षं काढून रिटायर झाले, हे जिल्हा परिषदेतून. मुलगी कॅनडात मिसिसागाला, मुलगा मेलबर्नला. त्यामुळे गेली सात-आठ वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी कायम कुठल्या ना कुठल्या व्हिसाची फाइल असतेच.

आधी कॅनडाचं सांगते. पहिल्यांदा गेलो ते साध्या व्हिजिटर व्हिसावर, त्यात एका वेळेला साधारण ६ महिने. व्हिसा १० वर्षांचा असला तरी राहायचं ६ महिनेच, हा फरक आमच्या निम्म्या नातेवाईकांना अजून कळलेला नाही, त्यांना वाटतं १० वर्षांचा शिक्का म्हणजे १० वर्षं मुक्काम. दुसऱ्यांदा सुपर व्हिसा काढला. हा प्रकार तिथल्या सरकारने डिसेंबर २०११ मध्ये सुरू केला, फक्त आईवडील आणि आजीआजोबांसाठी, आणि आधी एका वेळी २ वर्षं राहता यायचं ते जुलै २०२२ पासून ५ वर्षं केलं. तिथे बसूनच मुदत वाढवायचा अर्जही करता येतो. फी म्हणाल तर माणशी १०० डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५, आम्ही पंचवटी एक्सप्रेसने पहाटे निघून मुंबईला ठसे देऊन रात्री परत. मेडिकल त्यांनी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही.

मुलीच्या बाजूने उत्पन्नाचा दाखला लागतो. सरकारने कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे किमान आकडा ठरवलेला असतो आणि गंमत म्हणजे त्या संख्येत आपण येणारे दोघंही धरतात, म्हणजे मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि आम्ही असे सहा. मुलीचा एकटीचा पगार कमी पडत होता तर जावयाचा जोडून जमलं. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. ह्यांच्या पासपोर्टची ३ वर्षं उरली होती तर ह्यांना ३ वर्षांचा आणि मला ९ वर्षांचा असे एकाच घरात दोन हिशोब झाले. आधी पासपोर्ट रिन्यू करा मग अर्ज करा, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एजंटने तर नाहीच सांगितलं. त्याला फी मिळाली, विषय संपला.

आता विम्याचं. सुपर व्हिसाला किमान १ वर्षाचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, १ लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर, त्यात हॉस्पिटल, उपचार आणि वेळ आलीच तर मृतदेह किंवा पेशंट परत आणायचा खर्च. पूर्वी कॅनडातलीच कंपनी लागायची, जानेवारी २०२५ पासून तिथल्या नियामकाने मान्यता दिलेली बाहेरची कंपनीही चालते. आमच्या दोघांचा मिळून वर्षाचा हप्ता ४ हजार डॉलरच्या आसपास होता, बीपी आणि शुगर दोन्ही लिहिल्यामुळे. काही जण हे लपवतात आणि हप्ता निम्मा करतात. लपवू नका, क्लेमच्या वेळी तिथले लोक आपल्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी मागतात आणि मग सगळंच जातं.

आम्ही काही लपवलं नाही तरी फसलो. पॉलिसीत एक कलम असतं, आधीपासूनचा आजार असेल तर तो प्रवासाआधी अमुक दिवस स्थिर असला पाहिजे. हे अमुक दिवस कंपनीप्रमाणे आणि प्लॅनप्रमाणे बदलतात, कुठे ९०, कुठे १२०, कुठे १८०. स्थिर म्हणजे काय? आपल्याला वाटतं बीपी नॉर्मल आहे म्हणजे स्थिर. तसं नाही. त्यांच्या भाषेत स्थिर म्हणजे त्या काळात औषध बदललेलं नाही, डोस वाढला नाही, कमीसुद्धा झाला नाही. निघायच्या तीन आठवडे आधी ह्यांना रुटीन चेकअपला नेलं, चांगल्या हेतूने, की जाण्याआधी एकदा दाखवून घेऊ, आणि डॉक्टरांनी गोळी ४० ची ८० केली. झालं. मिसिसागाला पोचून पाचव्या आठवड्यात ह्यांना बाथरूममध्ये चक्कर आली, इमर्जन्सीत नेलं, एक रात्र ठेवलं, बिल ९ हजार डॉलरच्या वर. तिथे आपल्यासारखं आधी डिपॉझिट वगैरे मागितलं नाही, नर्सनी ह्यांना गरम ब्लँकेट दिलं, सगळं छान, बिल नंतर घरी आलं. क्लेम टाकला तर पंचवीस दिवसांनी पत्र, डोस १८० दिवसांच्या आत बदललेला असल्याने देय नाही.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला राग नाही आला, लाज वाटली. ३१ वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून लोकांना असंच कलम बोटाने दाखवत होते, काका हे बघा पान ७ वर लिहिलंय, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या पॉलिसीचं पान वाचलं नाही कारण ती मुलीने ऑनलाइन काढली होती आणि मला पीडीएफ मोबाईलवर आली होती, ती कोण झूम करून वाचतंय. तर सांगायचं हे की पॉलिसी घेताना हप्ता किती हे नंतर विचारा, आधी स्थिर काळ किती दिवसांचा ते विचारा, आणि चेकअप करायचाच असेल तर जायच्या सहा महिने आधी करा. मध्ये खरंच डोस बदलायची वेळ आली तर बदलाच, गोळीपेक्षा विमा मोठा नाही, पण मग तारीख पुढे ढकला किंवा कंपनीला कळवून विचारा. आणखी एक, क्लेम न करता लवकर परत आलात तर उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुतेक कंपन्या परत देतात, ते मागायचे असतात, आपोआप येत नाहीत.

कायमचं जायचं म्हटलं तर कॅनडात स्पॉन्सरशिप आहे पण ती चिठ्ठीवर. २०२० मध्ये ज्यांनी नाव नोंदवलं त्याच नावांतून पुढची कित्येक वर्षं चिठ्ठ्या काढत होते, आमच्या मुलीने तेव्हा नाव दिलंच नव्हतं. शिवाय मुलाला २० वर्षांची हमी द्यावी लागते की आईवडिलांचा भार सरकारवर पडणार नाही.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा अगदी वेगळी. पहिल्यांदा गेलो ते सूनबाईच्या बाळंतपणाला, साध्या ६०० नंबरच्या व्हिजिटर व्हिसावर, ३ महिन्यांचा मिळाला आणि त्यावर ८५०३ असा एक आकडा टाकलेला. तो आकडा काय ते आम्हाला माहीत नव्हतं. बाळ पंधरा दिवस उशिरा आलं, सुनेला टाके, मुलाची रजा संपलेली, म्हटलं महिनाभर वाढवून घेऊ, तेव्हा कळलं की ८५०३ म्हणजे तिथे बसून मुदत वाढवता येत नाही. बाळ सात आठवड्यांचं असताना परत यावं लागलं. एअरपोर्टवर सुनेच्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलून तिला म्हटलं तुम्ही आता निघा, म्हणजे आमची पाळी संपली तुमची सुरू, कारखान्याच्या शिफ्टसारखं. नंतर कळलं की मुलगा पीआर (म्हणजे तिथला कायमचा रहिवासी) किंवा सिटिझन असला तर आईवडिलांना जास्त वर्षांचा व्हिसाही देतात, त्यात कुठल्याही १८ महिन्यांत १२ महिने राहता येतं. पुढचा तसाच काढला. माझ्या मते ज्यांना वर्षाआड जायचंय त्यांना हाच सगळ्यात शहाणपणाचा.

२०१९ पासून तिथे ८७० नंबरचा खास आईवडिलांसाठीचा टेम्पररी व्हिसा आहे, ३ किंवा ५ वर्षांचा, जास्तीत जास्त एकूण १० वर्षं, आणि दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी ९० दिवस देशाबाहेर राहायला लागतं. सुरुवातीला फी ३ वर्षांना ५ हजार आणि ५ वर्षांना १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती, आता त्याहून वाढलीये, आणि ती माणशी बरं का. म्हणजे नवराबायकोला ५ वर्षांसाठी २० हजारांच्या वर, शिवाय विमा वेगळा. वर्षाला असे एकूण १५ हजारच व्हिसा देणार असं ठरलेलं. आधी मुलाने स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची, त्याचं करपात्र उत्पन्न किमान ८३,४५४ डॉलर आणि ८० सेंट पाहिजे. त्या ८० सेंटचं मला फार हसू येतं, कुणीतरी बसून मोजले असणार.

आणि कायमचं जायचं असेल तर दोन दारं. एक स्वस्त, त्याची रांग खात्याच्याच म्हणण्याप्रमाणे ३० वर्षांच्या वर. मी ६८ ची, माझा नंबर लागेल तेव्हा मी ९८. दुसरं पैसे भरून जायचं, १४३ नंबरचं, त्यात दुसरा हप्ताच माणशी ४३,६०० डॉलर, दोघांचे मिळून आपल्या पैशात अर्ध्या कोटीच्या आसपास, आणि एवढे द्यायची तयारी असली तरी एक तप तरी थांबायचं. वर तुमच्या मुलांची परीक्षा. निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त पाहिजेत. आमची दोन, त्यातला एक तिथे, आम्ही पास. माझ्या मोठ्या बहिणीची तीन, एक पुण्यात, एक टेक्सासला, एक पर्थला, ती नापास. तिने जावयाला विचारलं, मग काय आम्ही पुण्यातल्याला तिकडे ढकलायचं का. जावई बिचारा काय बोलणार.

अमेरिकेचं माझ्या जाऊबाईंवरून सांगते. मुलगा सिटिझन झाला, सिटिझन मुलाच्या आईवडिलांना ग्रीन कार्डाला कोटा नाही, त्यामुळे तुलनेने पटकन मिळालं, नाशकात पेढे वाटले. आता त्या एडिसनला असतात पण दर वेळी नाशिकला आल्या की दिवस मोजतात, ६ महिन्यांच्या आत परत गेलं पाहिजे, वर्षाच्या वर गेलं तर कार्डच धोक्यात. थोरल्या दिरांच्या आजारपणात त्यांना दोन महिने आणखी राहायचं होतं तरी गेल्या. आणि खरी भानगड ही की ग्रीन कार्ड घेतलं की तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवायचं, इथली पेन्शन, इथल्या एफडीचं व्याज, गावच्या घराचं भाडं सगळं. इथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा फॉर्म, न भरल्यास दंड जबरदस्त. आपल्याकडे १० हजार डॉलर म्हणजे काय, रिटायर माणसाच्या दोन एफडी. म्युच्युअल फंड असतील तर त्याची आकारणी आणखी किचकट. आणि मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, लगेच नाही, ६५ वय आणि सलग ५ वर्षं वास्तव्य झाल्यावर विकत घ्यायचं, नवराबायकोपैकी कुणीच तिथे नोकरी केलेली नसेल तर नुसत्या हॉस्पिटलच्या भागाला २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलर होते. जाऊबाईंना मी म्हटलं, तुमच्यापेक्षा साध्या व्हिजिटर व्हिसावर ६ महिने जाऊन येणारी बाई सुखी. त्या म्हणाल्या, तिला दर वेळी इमिग्रेशनच्या काऊंटरवर छातीत धडधडतं, मला नाही. तेही खरंच.

लंडनवाल्यांसाठी वाईट वाटतं. जुलै २०१२ पासून तिथे आईवडिलांना कायमचं न्यायचं तर ते इतके आजारी पाहिजेत की रोजच्या अंघोळीजेवणाला माणूस लागतो, आणि तो माणूस भारतात पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध करायचं. नाशकात ब्युरोला फोन केला की बाई येते, त्यामुळे तो दरवाजा बंदच समजा, राहिला ६ महिन्यांचा व्हिजिटर. न्यूझीलंडने मात्र सप्टेंबर २०२५ पासून आईवडिलांसाठी ५ वर्षांचा नवीन व्हिसा सुरू केलाय, पुढे आणखी एकदा ५ वर्षं, विमा तिथेही सक्तीचा.

आता तुमच्या तक्त्याबद्दल दोन शब्द. पोर्तुगालला घर घेऊन गोल्डन व्हिसा असं छापलंय, घराचा तो मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झाला, आता पेन्शनवाल्यांना वेगळा, दरमहा ठराविक उत्पन्न दाखवायचा व्हिसा आहे. थायलंडचा १० वर्षांचा रिटायरमेंट व्हिसा छापलाय, तो ठराविक देशांच्या पासपोर्टवाल्यांनाच मिळतो, त्या यादीत भारत नाही. दुसरा १० वर्षांचा आहे त्याला सहसा वर्षाला ८० हजार डॉलरची कमाई लागते. आपल्यासारख्याला तिथे वर्षावर्षाचाच, पन्नाशी उलटलेली पाहिजे आणि थाई बँकेत ८ लाख बाहत ठेवायचे किंवा महिना ६५ हजार बाहत उत्पन्न. आमच्या शेजारचे रत्नागिरीचे कॅप्टन, मर्चंट नेव्हीतले, चियांग माईला तीन वर्षं राहून आले. ते सांगतात पैसे ठेवायचे म्हणजे ठेवायचेच, वर्षभर ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, दर ९० दिवसांनी मी इथेच आहे असं कळवायचं, आणि री-एंट्री परमिट न घेता मुंबईला पुतणीच्या लग्नाला आलात तर व्हिसा रद्द. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं जाळल्याचा धूर, त्यांना दमा. परत आले. जाताना इथून ८ लाख बाहत पाठवले तेव्हा ७ लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँकेने टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घ्यायचा कर, कापला. एप्रिल २०२५ पासून ही सूट १० लाखांपर्यंत झाली, त्याच्या वर २० टक्के. कापलेला कर रिटर्न भरताना मिळतो, पण तोवर पैसे अडकले ना.

दुबईचं ५ वर्षांचं त्यातल्या त्यात बरं, ५५ वय, आणि १० लाख दिरहमचं घर किंवा तेवढी बचत किंवा दरमहा ठराविक उत्पन्न. गल्फमध्ये आयुष्य गेलेल्यांना जमेल. जिल्हा परिषदेच्या पेन्शनवर आम्हाला नाही.

मला स्वतःला विचाराल तर ज्यांचं इथे घर आहे, पेन्शन इथे आहे, डॉक्टर ओळखीचा आहे, त्यांनी पीआर आणि ग्रीन कार्डच्या मागे लागू नये. मुलांना वाटतं एकदाचं कागद करून टाकू, ते प्रेमाने म्हणतात, पण कागद झाला की तो सांभाळायला आपल्याला त्यांच्या तारखांवर नाचायला लागतं. जास्त दिवसांचा तात्पुरता व्हिसा घ्यावा, यावं जावं. सुपर व्हिसावर ५ वर्षं राहता येतं म्हणून राहायलाच पाहिजे असं नाही, आम्ही साडेपाच महिने राहतो, एप्रिलअखेर जातो, ऑक्टोबरात परत. जास्त राहिलात आणि वर्षात १८३ दिवस झाले तर तिथला कर लागू होऊ शकतो, मग दोन देशांच्या करारात तुमचं खरं घर कुठलं हे ठरवत बसायचं, त्यासाठी सीए लागतो. नोव्हेंबरनंतर तर तिथे दाराबाहेर बर्फ, फुटपाथ गुळगुळीत, हे खिडकीत बसून समोरच्या बसस्टॉपवर कोण चढलं कोण उतरलं ते मला सांगतात आणि मी ऐकते. मुलगी, जावई सात वाजता निघतात ते सहाला येतात. पहिल्या वर्षी थंडीतही राहून बघितलं, बास झालं.

ज्यांचं कुणी एकटंच मागे राहिलंय किंवा तब्येत खरंच ढासळलीये त्यांचं गणित वेगळं, त्यांनी कायमच्या रांगेत आजच नाव घालावं, पुढे नको वाटलं तर सोडता येतं. बाकी आमच्यासारख्यांसाठी पुढच्या वेळी तक्ता कराल तेव्हा त्यात वर्षांच्या शेजारी तीन रकाने वाढवा, एका एंट्रीत किती दिवस, विमा काय काय वगळतो, आणि मध्येच मायदेशी यावं लागलं तर काय जातं.

आपली एक जुनी वाचक,
नाशिक

ता. क. हयातीच्या दाखल्याचं राहिलंच. त्या थंडीत राहिलो त्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही मिसिसागालाच होतो. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला निघतो म्हणून मुलीने ह्यांना खिडकीशी उभं केलं, ॲप म्हणतंय डोळे मिचकावा, हे मिचकावतायत, चष्मा काढला, चष्मा घातला, दिवा लावला, नातू मागून हसतोय, सहा वेळा फेल. शेवटी भारतीय कॉन्सुलेटचा पेन्शनरांसाठी कॅम्प लागतो तिथे बर्फात गेलो, रांगेत पुढे एक जळगावचे काका भेटले, त्यांचेही डोळे ॲपने नाकारलेले. पुढच्या नोव्हेंबरात आम्ही मेलबर्नला असू, तिकडे असा कॅम्प कुठे आणि कधी असतो हे कुणा वाचकाला माहीत असेल तर कृपया याच सदरात लिहावं.